माझा रक्तदाब चुकीचा आला

काल जर्नल परत मिळालं. ‘रक्तदाब मोजणे’ या प्रयोगाच्या निरीक्षणात मी १५६/९८ असं लिहिलं होतं. त्याभोवती लाल पेनानं गोल, आणि शेजारी मॅडमचं वळणदार अक्षर : ‘रीडिंग चुकले. नॉर्मल १२०/८०. पुन्हा लिहा.’ मार्क किती कापले ते सांगत नाही. कापले, एवढं पुरे.

दंड माझा, धमनी माझी, तिच्यातलं रक्त माझं, आणि आकडा मात्र चुकीचा. आता नेमकं चुकलं कोण, हृदय?

सोलापूरच्या साखर पेठेत आमचं मेडिकल आहे, वडिलांच्या वेळचं. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टशिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध द्यायचं नाही, असं १९४८चा फार्मसी कायदा सांगतो. आमच्याकडे बसणारे फार्मासिस्ट वय झालं म्हणून गावी गेले. पुतण्या म्हणाला, ‘काका, दोन वर्षं मी बसतो, तेवढ्यात तुम्हीच फार्मसीचा डिप्लोमा, डी.फार्म., करून टाका.’ बारावी सायन्सची पिवळी पडलेली मार्कशीट ट्रंकेतून काढली, वयाला वरची अट नव्हती, आणि ४४व्या वर्षी मी फर्स्ट इयरला बसलो. पहिल्या वर्षाला ‘ह्यूमन ॲनाटॉमी अँड फिजिऑलॉजी’ नावाचा विषय असतो. पोरं त्याला हॅप म्हणतात.

हॅपची लॅब मॅडम घेतात, पण चालवतात मामा. हुद्द्यानं शिपाई. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट, चष्मा आणि चामड्याची बॅग अशा अवतारात दारात उभा राहिलो, तर मामा ताडकन उठले. ‘या साहेब, या.’ खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडं वळवला आणि कपबशीत चहा आणला. कपबशीत! मला वाटलं, वयाचा मान राखणारं कॉलेज दिसतंय. मग मामा हळू आवाजात म्हणाले, ‘साहेब, सांगाडा पूर्ण हाय बरं का. डावा हात तेवढा रिपेरिंगला दिलाय. लिहू नका.’

कशात लिहू नका, ते मला कळेना. तेवढ्यात मॅडम आल्या, हजेरी सुरू झाली, आणि माझा रोल नंबर आल्यावर मी खुर्चीतूनच ‘प्रेझेंट मॅडम’ म्हणालो.

मामा वळले. त्यांनी माझ्याकडं आधी वरून खाली, मग खालून वर बघितलं. जवळ आले आणि माझ्या हातातली बशी काढून घेतली. चहा अर्धा उरला होता. ‘लॅबमध्ये विद्यार्थ्यांना खाणंपिणं अलाऊड न्हाई,’ असं म्हणत त्यांनी तो खिडकीतून ओतला. मग खुर्चीही नेली आणि स्टूल दिलं, त्याचा एक पाय आखूड. तपासणीला आलेला माणूस समजून केलेला खर्च वाया गेला, हे त्यांनी अजून मनातून काढलेलं नाही. तेव्हापासून मी ‘मालक’ आहे. सोलापुरात मालक म्हणणं मानाचंच, पण मामा ते ज्या सुरात म्हणतात त्यात मान शोधावा लागतो.

मामांनी हॅपचं पुस्तक उघडलेलं नाही, पण विषय त्यांना येतो. एकदा त्यांनी मलाच विचारलं, ‘लहान लेकराला तीनशेच्या घरात हाडं, मोठ्या माणसाला २०६. मग बाकीची गेली कुठं?’ मी रात्रीच वाचलं होतं. म्हणालो, ‘जुळतात मामा. कवटीची, माकडहाडाची, अशी बरीचशी हाडं वाढत्या वयात एकमेकांना जुळून एक होतात.’

‘जुळत न्हाईत की ओ. झिजतात. फिया भरून भरून.’

रक्तदाबाच्या दिवशी आमच्या बॅचला पाऱ्याचं यंत्र मिळालं, एकच. पुस्तकात नियम दिलेत : माणसानं पाच मिनिटं शांत बसलेलं असावं, पाठीला टेका असावा, हात हृदयाच्या पातळीत असावा, अर्ध्या तासात चहा घेतलेला नसावा, मोजताना कुणी बोलू नये. आमची लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट ‘फक्त स्टाफसाठी’. स्टुलाला पाठ नसते. चहाचा प्रश्न मामांनी पहिल्याच दिवशी निकालात काढला होता. राहता राहिलं न बोलणं, आणि मामा तिथं हजर होते.

माझा पार्टनर मोहोळचा पोरगा, वय १८. त्यानं आधी माझी नाडी बघितली, अंगठ्यानं. अंगठ्याला स्वतःचे ठोके जाणवतात, म्हणून नाडी बघताना अंगठा वापरायचा नसतो, तर्जनी आणि मधलं बोट वापरायचं. त्यानं माझी म्हणून स्वतःचीच नाडी मोजली आणि ७२ भरली. ते रीडिंग मॅडमनी बरोबर धरलंय.

मग पट्टा.

‘मालक, शर्ट काढा,’ मामा.

वर्गात निम्म्याहून जास्त मुली. बनियन जुना. मी म्हणालो, बाही वर घेतो.

‘बाही आवळली की बीपी चढतंय. काढा की ओ, लाजायलाव काय?’

‘नको मामा.’

‘बरं, तुमची मर्जी. बे, पंप मार.’ पोरानं पारा २०० च्या वर नेला. ‘हाताला मुंग्या यायल्या का मालक?’

‘यायल्या.’

‘मग बरोबर लागलंय.’

पोरगा कानाला स्टेथो लावून म्हणाला, ‘काका, काहीच ऐकू येईना.’

‘कसं यील? उलटा घातलायस बे.’ मामांनी त्याच्या कानातला स्टेथो काढून सुलटा बसवला. ‘आता हवा सोड. सावकाश. पहिला ठोका आला की वरचा आकडा, ठोके बंद पडले की खालचा. ठोकेच आले न्हाईत तर मॅडमला बोलाव.’

खरं तर एका वाक्यात यापेक्षा चांगलं कुणी शिकवलेलं नाही. पट्टा फुगवला की धमनी दाबून बंद होते, हवा सोडत गेलं की रक्त धक्क्यानं पुढं निसटायला लागतं, त्याचा टकटक आवाज येतो, आणि धमनी पुरती मोकळी झाली की आवाज थांबतो. कोरोटकॉफ नावाच्या रशियन सर्जननं १९०५ साली ही युक्ती मांडली. अजून तीच चालते.

‘एकशे छप्पन,’ पोरगा पुटपुटला. ‘वर. खाली अठ्ठ्याण्णव.’

‘किती?’

‘एकशे छप्पन, मामा.’

मामा व्हरांड्यात गेले. तिथून मला ऐकू आलं, ‘अहो, आपल्या मालकांचं एकशे छप्पन वर अठ्ठ्याण्णव!’ ऑफिसातले क्लार्क दारात येऊन बघून गेले. अक्कलकोटची एक पोरगी धावत पाण्याची बाटली घेऊन आली आणि ‘अंकल, आडवे होता का?’ म्हणाली. आडवं व्हायला तिथं डिसेक्शनचं टेबल होतं. मी नको म्हणालो.

मामा परत आले ते चौकशी अधिकारी होऊन.

‘शेंगाचटणी खाता?’

‘सोलापुरात राहतो.’

‘भाकरीबरोबर किती?’

‘भाकरी किती यावर आहे.’

‘घरात भांडण?’

‘नाही.’

‘जमिनीची केस?’

‘नाही हो.’

‘दुकानाची उधारी किती थकलीय?’

मी खरा आकडा सांगितला. तेवढ्यासाठी ते माझ्याजवळ खाली वाकले होते, ते हळूहळू सरळ झाले. ‘मग १५६ कमीच हाय,’ म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या ‘मालक’मध्ये मला थोडी आपुलकी ऐकू आली.

मोहोळच्या पोराला त्याच आठवड्यात सर्दी झाली आणि तो गोळी घ्यायला आमच्याच दुकानात आला. मी जेवायला वर गेलो होतो, काउंटरशी सौ. होती. ‘काकू, काकांचा बीपी दीडशेच्या वर निघाला, तब्येत कशीय?’ गोळीचे पैसेही तिनं घेतले नाहीत त्याच्याकडून. रात्री ताटात कडक भाकरी होती, कांदा होता, आणि चटणीच्या जागी पाण्यात उकडलेला दुधी होता. शेंगाचटणीची बरणी फडताळाच्या अशा कप्प्यात गेलीय, जिथं पोचायला स्टूल लागतं. म्हणजे कॉलेजात तो आकडा कुणी मानला नाही, आणि घरी दुसरं काही मानत नाहीत.

वडील ८० च्या पुढचे, त्यांनी नेहमीप्रमाणे भैय्या चौक काढला. ‘आपल्या सोलापूरचे डॉक्टर कोटणीस १९३८ साली चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांची ऑपरेशनं केली, बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. आणि तू तिसऱ्या मजल्यावर चढताना धापा टाकतोस.’ या तुलनेला उत्तर नसतं. भैय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारक दुकानापासून फार लांब नाही, हे माझं दुर्दैव.

दुकानात मी वीसेक वर्षं उभा आहे. गिऱ्हाइकांचं शरीरशास्त्र वेगळं असतं. त्यांची बेंबी सरकते, शीर शिरेवर चढते, गॅस डोक्यात जातो. पूर्वी मी मान डोलावून गोळी द्यायचो. आता मला माहीत झालंय की अन्ननलिका जेमतेम २५ सेंटीमीटरची, खाली जठरात उतरते, आणि जठरातून डोक्यात जायला रस्ताच नाही. परवा एका आजींना हे समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘मग माझ्या डोक्यात जे गेलंय ते काय, एस्टी?’ आणि पुतण्याकडून गोळी घेऊन गेल्या. पण निदान त्या आजी स्वतःच्या डोक्यात काय चाललंय ते खरं सांगत होत्या.

आमच्या बॅचच्या जर्नलांत मात्र सगळे नॉर्मल आहेत. झाडून सगळे. नाडी ७२, ताप ९८.६, रक्तदाब १२०/८०. साली नावाच्या डॉक्टरच्या पद्धतीनं नळीत हिमोग्लोबिन मोजायला बोट टोचावं लागतं. लॅब चार्जेस भरूनही टोचायची सुई, लॅन्सेट, आम्हीच विकत आणतो. तर अर्ध्या पोरांनी बोट न टोचताच मागच्या वर्षीच्या जर्नलातला आकडा उतरवलाय. धमन्या लाल, शिरा निळ्या, कडेला पेन्सिलनं समास, की मार्क पूर्ण. रक्तदाब वाढला तरी बहुतेकदा काही दुखत नाही, माणूस हिंडत फिरत असतो, म्हणून तर मोजायचा असतो, हे त्याच प्रयोगाच्या प्रस्तावनेत आम्ही सगळ्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवलंय. उद्या हीच पोरं काउंटरमागं उभी राहणार. समोरच्याचा पारा १८० वर थांबला तर तीही लाल पेन काढणार काय? मॅडमना हे विचारायला गेलो होतो. त्या म्हणाल्या, ‘तुमचं बरोबर असेल हो, पण परीक्षेला बाहेरून येणाऱ्या एक्स्टर्नलना १२०/८० लागतं.’

तर काल तो लाल गोल घेऊन मी मामांकडं गेलो. राग काढायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणालो, ‘मामा, १७३३ साली स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं घोडीचा रक्तदाब मोजल्याचं छापलंय. सरळ तिच्या धमनीत काचेची नळी उभी केली, आणि रक्त आठ फुटांच्या वर चढलं.’

‘आणि घोडी?’

‘घोडी गेली.’

‘बघा मालक. घोडी गेली, पण तिला कुणी पुन्हा लिहा म्हणालं न्हाई.’ त्यांनी जर्नल हातात घेऊन गोल नीट बघितला. मग सदऱ्याची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. ‘घ्या. माझं घ्या.’

‘तुमचं?’

‘घ्या की ओ. सगळ्या पोरांच्या जर्नलात माझंच बीपी हाय.’

मी पट्टा बांधला. एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. बिडी, तंबाखू, दिवसभर तीन मजले, तोंड अखंड चालू, आणि १८व्या वर्षाला शोभेल असा पारा. मला खरंच फार राग आला. मी १२०/८० लिहिलं, मॅडमनी सही केली, वर ‘गुड’.

प्रॅक्टिकल परीक्षा गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात आहे. एक्स्टर्नल समोर बसून मोजायला लावतात, आणि मामांनी त्याच दिवसांची रजा टाकलीय. दंड द्यायला दुसरं कुणीतरी बघायला हवं. मोहोळच्या पोराचा खरोखरच ११८/७६ येतो, मी स्वतः मोजलाय. तो तयार आहे, पण बदल्यात जर्नलाच्या आकृत्या काढून मागतोय : हृदय, डोळा आणि दोन्ही किडन्या. हृदय आणि डोळा मी कबूल केलाय. किडनी एकच देईन म्हणून अडून बसलोय.