फुलपाखराला फ्रीजमध्ये ठेवू नका, एफ/22 ही नको

थंडी पडली की बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर हा निरोप पुन्हा फिरू लागतो: "फुलपाखराचा झकास फोटो हवाय? एफ/22 ठेवा, सगळं शार्प येतं. मॅक्रो लेन्सशिवाय नादी लागू नका. भर दुपारी जा, उजेड भरपूर मिळतो. फारच हलत असेल तर पकडून दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि मग फुलावर बसवा." चारही सल्ले चुकीचे आहेत, आणि शेवटचा तर क्रूर आहे.

"एफ/22 ठेवा." एफचा आकडा वाढवला की लेन्सचं छिद्र बारीक होतं आणि फोकसची खोली, म्हणजे पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, वाढते, एवढं खरं. पण बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो. लेन्स 1:1 वर, म्हणजे सेन्सरवर वस्तूएवढीच प्रतिमा पडेल इतकी जवळ, नेली की एफ/22 प्रत्यक्षात एफ/44 च्या आसपास पोचतो. फोकस अचूक असूनही पंखावरचे खवले पिठूळ दिसतात ते यामुळेच. एफ/8 ते एफ/11 पुरेसं आहे. मुळात सात-आठ सेंटिमीटर पंखविस्ताराचं प्लेन टायगर फुलपाखरू एपीएस-सी सेन्सरवर (बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांत असतो तो, फुल-फ्रेमहून लहान) 1:1 ला मावतच नाही. ते 1:4 च्या, म्हणजे पाव आकाराच्या, सुमारास टिपावं लागतं आणि तिथे एफ/11 ला साधारण 9 मिलिमीटर खोली मिळते. 1:1 ला तीच खोली एक मिलिमीटरही भरत नाही.

एवढी खोली हातात असून बहुतेक फोटो बिघडतात ते कॅमेरा तिरका धरल्याने. चार सेंटिमीटरच्या पंखाशी कॅमेरा दहा अंश कलला, तरी पंखाच्या दोन टोकांत 7 मिलिमीटरचं अंतर पडतं. पंख मिटलेले असतील तर बाजूने, उघडे असतील तर वरून, पण कॅमेऱ्याची पाठ पंखाला समांतर हवी. ऑटोफोकस बंद करा, फोकस एका जागी ठेवा, अंग किंचित पुढे-मागे झुकवत डोळा स्पष्ट झाला की सलग पाच-सहा फ्रेम घ्या. डोळा शार्प नसेल तर तो फोटो ठेवू नका.

"मॅक्रो लेन्सच हवी." मॅक्रो म्हणजे अगदी जवळून 1:1 पर्यंत टिपणारी लेन्स. पण बऱ्याच 70-300 मिलिमीटरच्या झूम लेन्स दीड मीटरवरून जवळपास 1:4 देतात, आणि फुलपाखरासाठी हे अंतर सोयीचंच आहे. चित्रांग भुंग्यासारख्या छोट्या किड्यासाठी 50 मिलिमीटर लेन्समागे 25 मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्यामधली पोकळ नळी) लावली की निम्मा आकार मिळतो. ट्यूब विद्युत-संपर्कांची घ्या, नाहीतर आजकालच्या बऱ्याच लेन्समध्ये छिद्र बदलताच येत नाही.

"भर दुपारी जा." ऊन डोक्यावर असताना पंखांची चमक जळते आणि पोटाखाली काळी सावली पडते. शिवाय तापलेलं फुलपाखरू फुलावर क्षणभरही टिकत नाही. दुपारीच जावं लागलं तर फ्लॅशपुढे बटर पेपर लावा आणि फ्लॅश जमेल तितका जवळ आणा.

"फ्रीजमध्ये ठेवा." फुलपाखराचे उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय काम करत नाहीत, म्हणून गारठलेलं फुलपाखरू उडत नाही. पण ते नीट बसतही नाही. पायांची पकड सुटते, मिशा लोंबतात, सोंड फुलात न जाता गुंडाळलेलीच राहते. जाणकाराला हे फोटोत लगेच कळतं. बोटांना लागलेली पूड म्हणजे पंखांचे खवले, ते पुन्हा उगवत नाहीत. आणि अंग तापेपर्यंत फुलपाखरू पाली-मुंग्यांच्या तोंडी आयतं सापडतं. कायद्याचाही प्रश्न आहे. डॅनाइड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या एगफ्लायला संरक्षण दिलेलं आहे. पकडणाऱ्याला हा फरक सहसा ओळखता येत नाही.

गारठा हवाच असेल तर पहाट आहे. संध्याकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत किंवा घराजवळच्या घाणेरीत फुलपाखरं कुठल्या काडीवर विसाव्याला बसतात ते पाहून ठेवा. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवसांत सूर्य वर येईपर्यंत ती बहुधा तिथेच सापडतात आणि ऊन लागलं की पंख उघडून शेकत बसतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. वारा नसेल तर ट्रायपॉडवर 1/15 सेकंदाचा शटरवेगही चालतो. देठ हलत असेल तर शेजारी बांबूची काडी रोवा आणि कपड्यांच्या चिमट्याने देठ तिला हलकेच टेकवा. हा टेकू फुलपाखरू बसलेल्या जागेपासून हातभर खाली द्या, नाहीतर धक्क्याने ते उडून जाईल.