एक हजार सत्तर पॉइंटांचा न्याय

गावाकडे बांधाच्या भांडणात आजोबांना पंच म्हणून बोलवायचे. ते दोन्ही घरचा चहा प्यायचे आणि निकाल पुढच्या हंगामावर ढकलायचे. हे शहाणपण माझ्यात उतरलं असतं, तर इथे न्यू जर्सीत ऑफिसच्या फँटसी फुटबॉल लीगचा मी कमिशनर झालोच नसतो. ‘तू इंडियन, तुझं गणित पक्कं’ म्हणत बाकीच्या अकरा जणांनी ते लोढणं माझ्या गळ्यात बांधलं.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन, पाय क्वचितच लागतो तो. खरे खेळाडू आपसात वाटून घ्यायचे, ते रविवारी धावतील तसे आपल्याला पॉइंट. वाटप पहिल्या फेरीत एक ते बारा, दुसरीत उलटं. म्हणजे पहिल्या नंबरवाल्याच्या हाती दुसरा खेळाडू लागतो तो थेट चोविसावा. भिशीसारखंच, आणि भिशीसारखेच लोक नंबर बदलून घेतात.

ऑगस्ट 2024. अकाउंट्सवाल्याकडे पहिला नंबर, सेल्सवाल्याकडे आठवा. सौदा ठरला : सेल्सवाल्याने आठवा आणि सतरावा द्यायचा, पहिला आणि अठ्ठेचाळिसावा घ्यायचा. दोघंही खूश. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. भाजीवाला जास्त हसला की आपण वांगी पुन्हा तोलायला लावतोच ना?

डॅलस काउबॉइज या संघाचे एकेकाळचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाचा, निवडीच्या प्रत्येक नंबरची किंमत सांगणारा एक जुना तक्ता आहे. त्यात पहिल्या नंबरची किंमत 3000, आठव्याची 1400, सतराव्याची 950, अठ्ठेचाळिसाव्याची 420. मी एक्सेल उघडलं. अकाउंट्सवाला देणार 3420, घेणार 2350. तब्बल 1070 पॉइंटांचा दरोडा, आणि माझ्या नाकासमोर!

‘अरे, तो तक्ता खऱ्या संघांसाठी आहे,’ कुणीतरी म्हणालं. ‘ते कॉलेजची पोरं वर्षानुवर्षांसाठी घेतात. आपला खेळ डिसेंबरात संपतो.’ बरोबरच होतं त्याचं. पण एक्सेलमध्ये रकान्यांना रंग भरून झाल्यावर माघार कोण घेतो?

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं.

‘तुझा नंबर कितवा?’

‘दुसरा.’

‘मग पहिला कोणाकडे जातो, याच्याशी तुला काहीच घेणंदेणं नाही?’

मी आमटी वाढून घेतली. अकाउंट्सवाला ऐनवेळी गडबडेल आणि पहिल्या नंबरावर ज्याला उचलायचं तो खेळाडू, ख्रिश्चन मॅकॅफ्री, माझ्या पदरात पडेल, अशी अंधुक आशा होती, नाही असं नाही.

सौदा मी रद्द केला. अकाउंट्सवाला अजिबात गडबडला नाही. त्याने मॅकॅफ्रीच घेतला, वर माझे आभारही मानले.

7 सप्टेंबरला गणपती बसले. आमचा दीड दिवसाचा. रविवारी विसर्जन झालं, आणि सोमवारी संध्याकाळी बातमी आली की मॅकॅफ्रीची पोटरी आणि टाच दुखावली आहे, तो पहिल्या सामन्यात नाही. मग पुढच्यातही नाही. अख्ख्या मोसमात गडी चार सामने खेळला.

ज्याला मी दरोडेखोर ठरवलं, त्या सेल्सवाल्याने आठव्या नंबरावर सेक्वॉन बार्कली उचलला आणि सतराव्यावर डेरिक हेन्री. एक 2005 यार्ड धावला, दुसरा 1921. सौदा होऊ दिला असता, तर हे दोन्ही नंबर अकाउंट्सवाल्याकडे असते.

अजूनही कॉफी मशीनपाशी तो मला आधी कप भरू देतो, आणि मग हळूच विचारतो, ‘एक हजार सत्तर, नाही का?’