आधार जोडलं म्हणून पोरं सुरक्षित होत नाहीत

शाळेच्या पालकग्रुपपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत एक फॉरवर्ड फिरतोय: ‘प्रत्येक सोशल मीडिया खात्याला आधार जोडा. खोटी खाती संपतील, मुलं सुरक्षित राहतील. ज्याला लपवायचं काही नाही, त्याने घाबरायचं कशाला?’ काळजी खरी आहे, उपाय साफ चुकीचा.

खोटी खाती संपतील? दक्षिण कोरियाने हे करून पाहिलंय. २००७ पासून तिथे मोठ्या साइटवर काही लिहायचं तर आधी ओळख पटवावी लागे. २०११ मध्ये ‘नेट’ (Nate) आणि ‘सायवर्ल्ड’ या तिथल्या लोकप्रिय साइटींवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. देशाची लोकसंख्याच पाच कोटींच्या आसपास. सुमारे वर्षभराने तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हा नियम एकमताने रद्द केला, कारण बेकायदा मजकूर त्यामुळे घटल्याचं दिसलंच नव्हतं. डिस्कॉर्ड या चॅट ॲपचं प्रकरण तर ऑक्टोबर २०२५ मधलं. वयाची खात्री पटवायला लोकांनी दिलेले ओळखपत्रांचे फोटो फुटले, सुमारे ७०,००० जणांचे.

‘लपवायचं काही नाही’ म्हणणाऱ्यांनी पालघर आठवावं. २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं. दोघींना अटक झाली. लपवलं काहीच नव्हतं! त्यात लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. आणि मुलांचंच बोलायचं, तर घरातलाच काका त्रास देत असेल तर काय करावं, हे पंधरा वर्षांची मुलगी आधार दाखवून विचारेल?

पालकांच्या संमतीचं म्हणाल, तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी ती आहेच. पण आईच्या फोनवर आलेला ओटीपी आईला वाचून कोण दाखवतं? तेच कार्टं.

मग कंपन्यांना मोकाट सोडायचं का? मुळीच नाही. त्याच कायद्याचं कलम ९ मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतं. त्यावर कुणी फॉरवर्ड पाठवत नाही. ब्रिटनने मुलं वापरतात त्या ॲप-साइटसाठीची आचारसंहिता २०२१ मध्ये पूर्ण लागू केली. त्याच वर्षी टिकटॉकने १३ ते १५ वयाची खाती आपोआप खासगी केली आणि रात्री नऊनंतर त्यांना नोटिफिकेशन पाठवणं थांबवलं. यूट्यूबने अठराखालच्यांसाठी ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, मुळातच बंद ठेवला. यातल्या कशालाही कुणाचं ओळखपत्र लागलं नाही. पोरं वय खोटं सांगतात, मान्य. म्हणूनच अनोळखी माणसाचा मेसेज थेट न येणं, लोकेशन बंद असणं, हे सगळ्यांच्याच खात्यांत मुळापासून हवं.

प्रौढांसाठीच्या साइटवर वय तपासावंच लागेल. तिथे ‘अठरा पूर्ण: हो किंवा नाही’ एवढंच सांगणारं टोकन, म्हणजे एक डिजिटल चिठ्ठी, पुरतं; नाव नको, नंबर नको. मात्र टोकन देणाऱ्याला ते कोणत्या साइटसाठी मागितलं हे कळता कामा नये, आणि साइटने तपासणीनंतर काहीही साठवता कामा नये, या दोन अटी कायद्यातच लिहून घ्यायला हव्यात.