ईमेलमध्ये आमचं दुःख विकू नका

शेतकरी उत्पादक कंपन्यांमध्ये आणि बचत गटांमध्ये विक्रीचं काम पाहणाऱ्या आपल्या भागातल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. पोस्ट लांब आहे. पण सध्या जे कोणी एआयकडून गिऱ्हाइकांना ईमेल लिहून घेताहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

चॅटजीपीटीला किंवा जेमिनीला नुसतं एवढं सांगून बघा: 'यवतमाळ जिल्ह्यातली शेतकऱ्यांची कंपनी आहे, तूरडाळ विकायची आहे, पुण्याच्या दुकानदाराला ईमेल लिही.' बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच दुष्काळ हजर होतो. त्यामागून 'संघर्ष करणारे शेतकरी' येतात, आणि 'तुमची एक ऑर्डर एका कुटुंबाचं आयुष्य बदलू शकते' हे ठरलेलं. कधी कधी आत्महत्या हा शब्दही सरळ येतो. याचं कारण साधं आहे. गेली कित्येक वर्षं आपल्या जिल्ह्याबद्दल बाहेर जे छापून आलं ते बहुतेक याच विषयावर, आणि ही मॉडेल्स छापून आलेल्या मजकुरावरच शिकलेली आहेत. आपण काही सांगितलं नाही, तर जे त्यांनी सगळ्यात जास्त वाचलंय तेच ती लिहिणार. त्यांना मी दोष देत नाही. पण तो मसुदा तसाच ठेवून सेंड दाबणारं माणूस आपलं असतं, आणि त्याचा मला खरंच राग येतो.

आमच्या कंपनीच्या सभासदांमध्ये आत्महत्या घडलेली घरं आहेत. त्यातल्याच एक वहिनी आमच्या डाळ मिलवर चाळणीला बसतात. डाळीत गोटा, म्हणजे न फुटलेला अख्खा दाणा, दिसला की पोतं शिवू देत नाहीत, पुन्हा मिलमध्ये टाकायला लावतात, मग बाहेर गाडी उभी असो की अध्यक्ष उभे असोत. असा एक मसुदा मी त्यांना मराठीत वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "माह्या घरचं कायले सांगतं त्याईले? डाळ कशी शिजते थे सांग." त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एआयला लिहून देते त्या मजकुरात, ही सूचना असते: शेतकऱ्यांच्या अडचणींचा उल्लेख करायचा नाही.

धंद्याच्या हिशोबानेही बघा. कीव येऊन घेणारा माणूस दिवाळीला एकदा दोन किलो घेतो आणि बरं काम केलं म्हणून मोकळा होतो. मेस चालवणाऱ्याला दर महिन्याला डाळ लागते. मागच्या पोत्यासारखीच शिजेल ना, चुरी किती निघेल, गाडी कधी येईल, हे त्याचे प्रश्न असतात. आपलं दुःख वाचून यातल्या एकाचंही उत्तर त्याला मिळत नाही.

दुसरं टोक म्हणजे खुशामत. 'पर्सनलाइज्ड' लिही म्हटलं की एआय समोरच्याच्या वेबसाइटवरची दोन वाक्यं उचलतं आणि 'आपल्या प्रेरणादायी प्रवासाने मी भारावून गेले' असं लिहून देतं. ज्या माणसाचं नाव आपल्याला कालपर्यंत माहीत नव्हतं त्याच्या प्रवासाने आपण कशाला भारावू? त्यालाही ते कळतं. अशा ईमेल त्याला रोज येतात, आणि सगळ्यांची सुरुवात 'आय होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' याच वाक्याने होते.

आता मी काय लिहिते ते सांगते. नागपुरात विद्यार्थ्यांच्या मेस चालवणाऱ्या एका ठेकेदारासाठीचा हा प्रॉम्प्ट, जसाच्या तसा (त्यातली पीकेव्ही मिल म्हणजे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने बनवलेली छोटी डाळ मिल):

'आम्ही दारव्हा तालुक्यातल्या शेतकऱ्यांची कंपनी आहोत. माल: तूरडाळ, बिनपॉलिश, यंदाच्या जानेवारीत सवंगलेल्या तुरीची, पीकेव्ही मिनी डाळ मिलवर केलेली. पोतं 30 किलोचं. घेणारे नागपुरात विद्यार्थ्यांच्या मेस चालवतात. त्यांच्या वेबसाइटवरच्या मेनूत दोन्ही वेळेला वरण आहे. त्यांना बहुधा दर महिन्याला सारखा माल आणि वेळेवर पोच लागत असेल. ईमेलमध्ये एकच विचारायचं: 2 किलो नमुना पाठवू का? 120 शब्दांच्या आत, साध्या इंग्रजीत लिही. त्यांची स्तुती करू नकोस. दुष्काळ, संघर्ष, मदत हे शब्द नकोत. सेंद्रिय, शुद्ध, सर्वोत्तम हेही नकोत. मी न दिलेली कोणतीही माहिती घालू नकोस. काही कमी पडत असेल तर लिहिण्याआधी मला विचार.'

यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ते टाकलं की एआय मसुद्याआधी प्रश्न विचारतं, आणि ते प्रश्न पुष्कळदा गिऱ्हाइकाच्या मनातलेच असतात. दर किती दिवस कायम राहील? पोच कोणाच्या खर्चाने? डाळ शिजायला किती वेळ लागतो? शिजण्याचा प्रश्न आला तेव्हा मिलवरच्या बायांनी तिथेच कुकर मांडला, भिजवलेली आणि न भिजवलेली अशी दोन्ही डाळ शिजवली, शिट्ट्या मोजल्या, पाणी मोजलं. ती ओळ आता आमच्या प्रत्येक ईमेलमध्ये असते. मेसवाल्याला त्यावरून थेट गॅसचा हिशोब करता येतो, आणि उत्तरं येतात तीही बहुधा त्याच ओळीवर.

या ठेकेदाराच्या मेसबद्दल गुगलवर मुलांनी 'वरण पातळ असतं' असंही लिहिलेलं होतं. ते मी वाचलं, पण प्रॉम्प्टमध्ये टाकलं नाही. एआयला ते दिलं असतं तर त्याने ते हौसेने पहिल्या ओळीत वापरलं असतं. समोरच्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते सगळं त्याच्या तोंडावर बोलायचं नसतं. कुणाच्या घरी गेल्यावर आपण जी रीत पाळतो तीच इथे.

खोट्याबद्दल जरा कडक बोलते. गावच्या मालाचं नाव काढलं की 'ऑर्गॅनिक' शब्द मसुद्यात आपोआप येतो. सेंद्रिय म्हणून माल विकायचा तर एनपीओपीचं किंवा पीजीएस-इंडियाचं (या सेंद्रिय मालाच्या दोन सरकारी योजना) प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर तो शब्द खोडा. जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचंही तेच. भिवापूरच्या मिरचीला, वायगावच्या हळदीला मानांकन आहे, म्हणून शेजारच्या तालुक्यातली कोणतीही मिरची भिवापुरी होत नाही. जीएसटीच्या बाबतीत एआय छातीठोकपणे काहीही लिहितं. शिक्का-लेबल असलेल्या 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद डाळीवर जुलै 2022 पासून 5 टक्के कर आहे. आमचं 30 किलोचं पोतं त्यात बसत नाही. असे आकडे स्वतः तपासून प्रॉम्प्टमध्ये द्या, त्याच्यावर सोडू नका.

प्रशिक्षणात तयार प्रॉम्प्टचे कागद वाटतात, त्याबद्दल माझं मत चांगलं नाही. आमच्याकडेही असा एक कागद आला. 'तू जागतिक दर्जाचा सेल्स तज्ज्ञ आहेस' अशी सुरुवात, खाली कंसात कंपनीचं नाव भरायची जागा. तोच कागद दहा कंपन्यांना मिळाला, तर एकाच व्यापाऱ्याकडे दहा जणांचे सारखे ईमेल जाणार, फक्त नावं वेगळी. पर्सनलाइज्ड म्हणतात ते हेच का? कंसात नाव भरल्याने समोरचा माणूस आपल्याला कळत नाही.

आणि एक्सेलमधले पाचशे पत्ते घेऊन एका दमात पाठवायचा मोह तर टाळाच. फेब्रुवारी 2024 पासून गुगलने जीमेलवर ईमेल पाठवणाऱ्यांसाठीचे नियम कडक केले आहेत. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या खाली ठेवा, असं ते सांगतात. म्हणजे पाचशेत दोघांनी जरी स्पॅमचं बटण दाबलं तरी तुम्ही त्या रेषेच्या वर गेलात. एकदा कंपनीचा पत्ता स्पॅममध्ये जाऊ लागला की जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं बिलसुद्धा तिथेच जाऊन पडतं. आपल्या एका मिलचा माल तरी किती असतो? नियमित घेणारे दहा-बारा जण मिळाले तर हंगाम निघतो. मग दहा-बारा जणांची नीट माहिती काढायला काय हरकत आहे? फोन करा, नागपूरला गेलात तर दुकानात डोकावा, ते कोणत्या वजनाचं पाकीट ठेवतात ते बघा. प्रॉम्प्टमध्ये घालायचं सामान तिथेच मिळतं.

एवढं सगळं बोलून मी एआयच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या माझ्यासारखीला बंगळुरूच्या खरेदी अधिकाऱ्याला इंग्रजीत लिहायचं म्हणजे आधी अंगावर काटा यायचा. माल चांगला, भाव बरोबर, पण लिहिणार कोण? म्हणून दलालाकडे जायचं. आता प्रॉम्प्ट मी मराठीत लिहिते, मध्ये वऱ्हाडी शब्द आला तरी सहसा अडत नाही, आणि ईमेल नीट इंग्रजीत तयार होतो. आपल्या पोरींसाठी हे दार उघडलंय आणि ते त्यांनी वापरावं असं मला मनापासून वाटतं. फक्त इंग्रजी मसुदा तयार झाला की त्याचं मराठीही करून मागा आणि संचालकांच्या सभेत वाचा. ज्यांच्या नावाने पत्र जातंय त्यांना आत काय आहे ते कळलं पाहिजे.

सभासदांची यादी, आधार क्रमांक, बँक खाती, सातबारा यातलं काहीही चॅटमध्ये टाकू नका. डाळ विकायला ते लागत नाही. 2023 चा डेटा संरक्षण कायदा राहू द्या बाजूला, लोकांनी ते कागद आपल्यावर विश्वास ठेवून दिलेले असतात.

ज्यांना आपल्या मालासाठी असा प्रॉम्प्ट बसवायचा आहे त्यांनी मला मेसेज करा. संत्रा असो, हळद असो, जवस असो, आपण फोनवर बसवू. मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहा: माल काय, घेणारा कोण, आणि त्या घेणाऱ्याबद्दल तुम्ही स्वतः काय पाहिलंय किंवा ऐकलंय. तिसऱ्या गोष्टीपुढे लिहायला काही नसेल तर आधी त्याला फोन लावा, मग मला.