‘व्होमिटोरियम’ ही ओकण्याची खोली नव्हे

प्राचीन रोममधल्या श्रीमंतांच्या घरी जेवणाच्या दालनाशेजारी ‘व्होमिटोरियम’ नावाची खास खोली असे आणि पाहुणे तिथे ओकून पुन्हा जेवायला बसत, ही माहिती समाजमाध्यमांवर वरचेवर फिरते.

आधी खोलीविषयी. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई आणि हर्क्युलेनियम या रोमन शहरांत कित्येक घरे जेवणाच्या दालनांसह सापडली, पण अशी खोली त्यांत आढळलेली नाही.

या समजाला आधार दिला जातो तो व्युत्पत्तीचा: लॅटिन ‘व्होमेरे’ म्हणजे ओकणे, मग व्होमिटोरियम दुसरे काय असणार? व्युत्पत्ती बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखक मॅक्रोबियस याने ‘सॅटर्नेलिया’ या ग्रंथात ‘व्होमिटोरिया’ असे अनेकवचन वापरले, तेही रोमन कवी व्हर्जिलच्या एका ओळीचे विवरण करताना. श्रीमंताचा वाडा सकाळी मुजऱ्याला आलेल्यांची लाट ओकतो, अशी ती ओळ. याच अर्थाने, प्रेक्षागृहांतील ज्या वाटांनी लोक घोळक्याने आत येऊन आसनांवर पसरतात त्यांना व्होमिटोरिया म्हणतात, असे तो सांगतो. सूर्य आग ओकतो असे सहज म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. (गैरसमज दुरुस्त करणारेही पुष्कळदा ‘बाहेर पडण्याची वाट’ एवढाच अर्थ देतात, मॅक्रोबियस मात्र आत येणाऱ्यांविषयी बोलतो.) तळमजल्यावर ८० प्रवेशकमानी असलेल्या रोममधल्या कलोसियम या भव्य प्रेक्षागृहामध्ये अशा वाटांची गरज का होती, हे उघड आहे.

मग रोमन तत्त्वज्ञ सेनेकाचे काय? ‘ते खाण्यासाठी ओकतात आणि ओकण्यासाठी खातात’ हे त्याचे वाक्य खरे आहे. पण ते चैनखोरांना झोडपणाऱ्या नीतिवाद्याचे आहे आणि त्यात खोलीचा उल्लेख नाही. जेवणानंतर ओकण्याची चाल काही रोमनांत होती, हे नाकारण्याचे कारण नाही. वैद्यकावर लिहिणाऱ्या सेल्ससने प्रकृतीसाठी ते क्वचित चालेल, चैनीसाठी नाही, असे म्हटले आहे.

ही चाल असणाऱ्यांत ज्युलियस सीझर होता. गलेशियाचा (आजच्या तुर्कस्तानातील एक प्रदेश) राजा डिओटारस याने पाहुणा आलेल्या सीझरला मारण्याचा कट केल्याचा आरोप होता आणि इ.स.पू. ४५ मध्ये रोमन वक्ता सिसेरोने राजाची बाजू मांडली. आरोप असा, की जेवणानंतर सीझरने ओकायचे आहे असे सांगितल्यावर त्याला स्नानगृहाकडे नेऊ लागले, कारण मारेकरी तिथे दबा धरून होते. पण सीझरने शयनगृह पसंत केले. राजवाड्यातही पर्याय होते ते हे दोनच.