खुलासा : पळणारा क्वार्टरबॅक विजेतेपद मिळवून देत नाही?

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद पॉकेटमध्ये (सहकाऱ्यांच्या कड्याआड) उभं राहून पास देणाऱ्या क्वार्टरबॅकलाच (संघाचं आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूलाच) मिळतं, पळणाऱ्याला नाही. हे खरं नाही.

4 जानेवारी 2006, रोझ बोल, म्हणजे त्या मोसमाच्या विजेतेपदाचा सामना. चौथा म्हणजे शेवटचा डाऊन (प्रयत्न), अजून 5 यार्ड पुढे जायला हवं. टेक्सासच्या व्हिन्स यंगला पास द्यायला कुणी मोकळं दिसेना, तेव्हा तो स्वतःच बॉल घेऊन उजवीकडून एंड झोनमध्ये (गुण मिळवण्याच्या पट्ट्यात) घुसला. 19 सेकंद उरले होते. निकाल 41-38, टेक्सास विजेता. अधिकृत नोंदीत त्याचे धावून 200 यार्ड आहेत, आणि पासचे 267. म्हणजे नुसता पळणाराही तो नव्हताच. समोरच्या यूएससीकडे मॅट लायनार्ट, अस्सल पॉकेट पासर. 2010 च्या मोसमात ऑबर्नच्या कॅम न्यूटनचंही तसंच, तोही पळणारा आणि विजेता. हो, 2020 च्या मोसमात अलाबामाचा मॅक जोन्स फारसा न पळता जिंकला.

मेसेजमधल्या तक्त्यात कॉलेज आणि एनएफएलचे (व्यावसायिक लीगचे) धावण्याचे आकडे शेजारी ठेवलेत. गोम इथेच आहे. कॉलेजच्या नोंदीत सॅकमध्ये (पास देण्याआधीच क्वार्टरबॅकला मागे पाडलं जातं तेव्हा) गमावलेले यार्ड क्वार्टरबॅकच्या धावण्यातून वजा होतात, एनएफएलमध्ये होत नाहीत. म्हणून हे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.

तेव्हा तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवून झाला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.