सिम्युलेटरमध्ये मळमळलं म्हणजे पोरगं कच्चं? अजिबात नाही

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण आला. म्हणे फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (म्हणजे जमिनीवरच स्क्रीनसमोर बसून विमान उडवायचा सराव देणारं यंत्र) किंवा मोठ्या स्क्रीनवर ज्याला मळमळतं त्याचं मन कच्चं, खुर्ची जागची हलत नाही तर गाडी लागल्यासारखं होईलच कसं, अशा मुलाने पायलट व्हायचा नाद सोडावा, आणि उपाय काय तर दम धरून बसून राहायचं.

अहो, खुर्ची हलत नाही म्हणूनच तर त्रास होतो! आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पातळ द्रव, डोकं वळलं की तो जरा मागे राहतो आणि त्यावरून मेंदूला वळणं कळतं. स्क्रीनवर क्षितिज तिरकं झालं की डोळे सांगतात विमान वळलं, कान सांगतो काही हललेलं नाही. यातूनच मळमळ सुरू होते. कसारा घाटात गाडीत मोबाइल बघताना बरोबर उलटं होतं, कानाला वळणं कळतात पण डोळ्यांसमोरची अक्षरं जागच्या जागी. आणि ज्यांचा कानातला हा तोलाचा भाग कामच करत नाही त्यांच्यावर प्रयोग झालेत, त्यांना हा त्रास होत नाही. मग मन कच्चं असण्याचा संबंध कुठे आला?

पायलटचं म्हणाल तर १९५७ साली अमेरिकेत हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर या त्रासाची नोंद झाली, तेव्हा शिकाऊंपेक्षा मुरलेल्या इन्स्ट्रक्टरांनाच तो जास्त झाला होता. खरं वळण अंगाला कसं जाणवतं हे त्यांच्या शरीराला पाठ असतं, ते आलं नाही की जास्त खटकतं. पोराला नाउमेद करू नका प्लीज.

दम धरून बसा हा सल्ला मात्र मला सगळ्यात वाईट वाटतो. माझ्या भाच्याला मॉलमधल्या सिम्युलेटरवर आधी जांभया यायला लागल्या, मग तोंडाला पाणी सुटलं, ओठांवर गार घाम, चेहरा पांढराफटक, आणि तिथला माणूस म्हणतोय अजून दोनच मिनिटं. जांभया आल्या की तिथेच थांबायचं, डोळे मिटायचे. सवय होते, नक्की होते, पण थोडा थोडा वेळ बसून, मधे दिवस सोडून. आणि उतरल्यावर लगेच बाइक काढून हायवेला लागू नका, तोल जाणं, गरगरणं कधीकधी काही तास राहतं, म्हणून तर सैन्यातल्या पायलटना सिम्युलेटरनंतर लगेच खरं विमान उडवू देत नाहीत.